शिष्यवृत्ती : मात्रा आणि काल

औषध योग्य आहे, मात्राही योग्य आहे, परंतु ते योग्य काळी दिले गेले नाही तर अपेक्षित गुण येत नाही, हे वैद्याला वेगळे सांगावे लागत नाही. वाग्भटाने औषधसेवनाचे दहा काल सांगितले, शार्ङ्गधराने पाच. संख्येत भेद असला तरी कालाचे महत्त्व उभयतांना मान्य आहे. उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना शासनाकडून मिळणाऱ्या अर्थसाहाय्याचा विचार करताना या नियमाची वारंवार आठवण होते. महाराष्ट्रात अशा योजना आज पुष्कळ आहेत आणि त्यांतील कित्येक उदारही आहेत. तरीही बी.ए.एम.एस.ला प्रवेश घेतलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीला दुसऱ्या वर्षी वसतिगृहाचे पैसे भरण्यासाठी सावकाराचे दार गाठावे लागते. असे का होते, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय आपल्या पत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे पहिले उत्तर असे की, प्रवेशाचे दिवस आले म्हणजे गावातील पालक सल्ल्यासाठी वैद्यांकडेच येतात. ‘‘मुलीला नीटमध्ये इतके गुण मिळाले आहेत, आयुर्वेदाला घालावी म्हणतो, झेपेल का?’’ हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी चिकित्सालयात बसून ऐकला असेल. औषधविक्रेत्यांच्या गल्ल्यासमोरही तो विचारला जातो. या प्रश्नाला ‘‘घाला, शासन फी भरते’’ असे ढोबळ उत्तर देणे धोक्याचे आहे. ‘‘नको, फार खर्च येतो’’ असे उत्तर देणे त्याहून धोक्याचे आहे. नेमके उत्तर देता यावे, एवढी माहिती आपल्याजवळ असणे आवश्यक आहे.

योजनांचा पट

प्रथम शुल्कासंबंधीच्या योजना पाहू. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही सर्वांत जुनी योजना. ती १९४४ पासून चालत आली आहे. कौटुंबिक वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असल्यास विद्यार्थ्याचे अनिवार्य शुल्क आणि निर्वाह भत्ता या योजनेतून मिळतो. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास राज्य शासनाची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची योजना, म्हणजे ज्याला आपण व्यवहारात ‘फ्रीशिप’ म्हणतो ती, लागू होते. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाच्या याच स्वरूपाच्या योजना आहेत. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना संपूर्ण शिक्षण शुल्काची, तर इतर मागास वर्गातील विद्यार्थ्यांना निम्म्या शिक्षण शुल्काची प्रतिपूर्ती अशी खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी रचना आहे. आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना असून तीतही निम्मे शुल्क शासन भरते.

मुलींच्या बाबतीत जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने एक महत्त्वाचा निर्णय घेतला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात व परीक्षा शुल्कात २०२४-२५ पासून पन्नास टक्क्यांऐवजी शंभर टक्के लाभ देण्याचे ठरले. अनाथ मुलामुलींचाही त्यात समावेश केला गेला. आयुर्वेद महाविद्यालयांतील वर्गांत मुलींची संख्या किती मोठी असते, हे शिक्षक-वाचक जाणतातच. त्यामुळे या निर्णयाचा लाभ आपल्या शाखेला विशेष होणार, हे उघड आहे.

या सर्व योजनांचे अर्ज ‘महाडीबीटी’ या एकाच संकेतस्थळावरून भरावे लागतात आणि लाभाची रक्कम आधार-संलग्न बँक खात्यात जमा होते. पूर्वी निरनिराळ्या कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. ती यातायात पुष्कळ कमी झाली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

प्रवेशाच्या क्षणी होणारा निर्णय

पालकांना सहसा ठाऊक नसलेली, आणि ठाऊक नसल्यास सर्वाधिक नुकसान करणारी गोष्ट आता सांगावयाची आहे. शुल्कमाफीचा लाभ मुलीच्या गुणांवर वा कुटुंबाच्या गरिबीवर जितका अवलंबून आहे, तितकाच तो प्रवेश कोणत्या वाटेने झाला यावर अवलंबून आहे.

राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला सर्वजण ‘कॅप राउंड’ म्हणतात त्यातून, शासकीय, अनुदानित अथवा खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयात प्रवेश मिळाला तरच जुलै २०२४ च्या निर्णयाचा लाभ मिळतो. व्यवस्थापन कोट्यातील आणि संस्थास्तरावरील प्रवेश त्यातून वगळलेले आहेत. अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठे यांतील विद्यार्थिनीही या निर्णयाच्या कक्षेबाहेर आहेत.

समजा, इतर मागास वर्गातील एका मुलीच्या कुटुंबाचे उत्पन्न तीन लाख रुपये आहे. केंद्रीभूत प्रक्रियेत तिला घरापासून दोनशे किलोमीटरवरचे महाविद्यालय मिळते. वडील म्हणतात, इतक्या लांब नको. जवळच्या महाविद्यालयात संस्थास्तरावर जागा आहे, तिथेच घेऊ. बस-भाडे वाचले, मुलगी डोळ्यांसमोर राहिली, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात त्या एका निर्णयाने साडेचार वर्षांच्या संपूर्ण शिक्षण शुल्काचा लाभ हातचा गेलेला असतो. पुढे कितीही अर्ज केले, कितीही ओळखी काढल्या तरी तो परत मिळत नाही. हे घर लुबाडले गेले असे म्हणता येत नाही, कारण नियम प्रसिद्ध होता. परंतु तो वेळेवर कोणी समजावून सांगितला नव्हता. आपल्या चिकित्सालयातील पाच मिनिटांचे बोलणे इथे एखाद्या मोठ्या देणगीहून मोलाचे ठरते.

यासाठी पालकांना दोन प्रश्न आवर्जून विचारावेत. हा प्रवेश केंद्रीभूत फेरीतील आहे काय? महाविद्यालय शासकीय, अनुदानित वा विनाअनुदानित आहे, की अभिमत विद्यापीठाचे घटक आहे? त्या महाविद्यालयाचे अधिकृत शुल्क किती, हे तोंडी ऐकीव माहितीवर मानू नये. खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांसाठी २०१५ च्या राज्य कायद्यान्वये शुल्क नियामक प्राधिकरण स्थापन झालेले असून, त्याने मान्य केलेले शुल्क संकेतस्थळावर पाहता येते.

कागदपत्रांचा पूर्वकर्म-विधी

पंचकर्मात स्नेहन-स्वेदनाशिवाय प्रधान कर्माकडे वळता येत नाही. शिष्यवृत्तीतही पूर्वकर्म चुकले की पुढचे सर्व बिघडते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेयर अथवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते ही सामग्री प्रवेशाच्या आधीच सिद्ध असावी लागते.

यांतील जात वैधता प्रमाणपत्राला सर्वांत अधिक काळ लागतो. पणजोबांच्या शाळेचा दाखला, महसुली नोंदी, रक्तसंबंधातील नातलगांची प्रमाणपत्रे हे सारे गोळा करण्यात महिने जातात. मुलगा बारावीला गेला की नव्हे, तर अकरावीला विज्ञान शाखेत बसला की त्याच वर्षी या कामाला हात घालावा, हा सल्ला प्रत्येक पालकाला द्यावा. नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्राची मुदत संपलेली असणे, दाखल्यावरील नाव आणि आधारवरील नाव यांत एका अक्षराचा फरक असणे, खाते दुसऱ्याच बँकेत आधारशी जोडले गेलेले असणे, अशा क्षुल्लक वाटणाऱ्या कारणांनी अर्ज परत येतात. अर्ज एकदा भरला म्हणजे काम संपले, अशीही समजूत असते. वस्तुतः प्रत्येक वर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते आणि महाविद्यालयाच्या लिपिकाने तो पुढे पाठविला की नाही, हे विद्यार्थ्याने स्वतः पाहावे लागते.

शुल्कापलीकडील खर्च

शासन शुल्क भरते, यातील ‘शुल्क’ या शब्दाचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. बहुतेक योजनांत त्याचा अर्थ शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क एवढाच आहे. अनामत रक्कम, वसतिगृह, खानावळ, संहिता व टीकाग्रंथ, शवविच्छेदनाचे साहित्य, ॲप्रन, प्रवास, वनस्पती-परिचयाच्या सहली हा सर्व भार घरावर राहतो. गावाकडील विद्यार्थ्याच्या बाबतीत हा ‘इतर’ खर्चच पुष्कळदा शिक्षण सोडण्यास कारणीभूत होतो.

निर्वाह भत्त्याची व्यवस्था आहे, परंतु तिची मात्रा पाहा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदवी व पदव्युत्तर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या गटातील वसतिगृहवासी विद्यार्थ्याला वार्षिक १३,५०० रुपये आणि घरून येणाऱ्यास ७,००० रुपये भत्ता ठरला. म्हणजे वसतिगृहात राहणाऱ्याला महिन्याला ११२५ रुपये. इतक्या पैशात दोन वेळचे जेवण कोणत्या शहरात मिळते, हे वाचकांनीच सांगावे.

या उणिवेवर राज्याने काढलेला उपाय अधिक वास्तववादी आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला भोजन, निवास आणि निर्वाह यांसाठी मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत वार्षिक ६०,००० रुपये, इतर महानगरपालिका क्षेत्रांत ५१,००० रुपये आणि अन्य ठिकाणी ४३,००० रुपये अशी तीत रचना करण्यात आली. वैद्यकीय व अभियांत्रिकी शाखांना शैक्षणिक साहित्यासाठी वार्षिक ५,००० रुपये अधिक धरले गेले. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना याच धर्तीवर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये इतर मागास, विमुक्त, भटक्या व विशेष मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. तीत प्रत्येक जिल्ह्यात ६०० याप्रमाणे ३६ जिल्ह्यांत २१,६०० विद्यार्थी घेण्याचे ठरले. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे.

या योजनांना ज्यांची नावे दिली आहेत, त्यांचे कार्यही येथे स्मरणीय आहे. राजर्षी शाहूंनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले आणि त्यानंतर निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे तेथे निघाली. पंजाबरावांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय चालविले. निवास आणि अन्न यांची सोय झाल्यावाचून गरिबाचे मूल शहरात शिकू शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. शुल्कमाफीच्या मोठ्या घोषणा ऐकताना हा जुना धडा विसरता कामा नये.

विलंबाचा विकार

आता मुख्य दोषाकडे वळू. विद्यार्थ्याचा अर्ज महाविद्यालयाकडे, तेथून संबंधित विभागाकडे, मंजुरीनंतर कोषागाराकडे आणि शेवटी बँकेकडे असा प्रवास करतो. लाभ दोन हप्त्यांत मिळतो. यांतील एका ठिकाणी अडथळा आला तरी मागे सर्व तुंबते. स्रोतोरोधाचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. आयुर्वेदाच्या प्रवेशफेऱ्या कित्येकदा वर्षाच्या अखेरपर्यंत लांबतात आणि शासनाचे आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते. परिणामी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला अर्ज, पडताळणी आणि मंजुरी यांसाठी फारच थोडा काळ उरतो.

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्र व राज्य यांचा वाटा ६०:४० असा ठरविण्यात आला. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये २०२५-२६ पर्यंतच्या कालावधीसाठी ५९,०४८ कोटी रुपयांच्या तरतुदीला मान्यता दिली, त्यांत केंद्राचा वाटा ३५,५३४ कोटींचा होता. मात्रा मोठी खरी. परंतु राज्याने आपला वाटा आधी द्यावा व नंतर केंद्राने आपला वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करावा, अशी पद्धत असल्याने पहिले पाऊल लांबले की दुसरेही लांबते. खात्यात आलेले शुल्क विद्यार्थ्याने सात दिवसांत महाविद्यालयास द्यावे, असाही दंडक आहे. घरात आजारपण वा पेरणीची निकड असताना एकदम जमा झालेली रक्कम सात दिवस तशीच राखणे हे किती कठीण असते, याचा विचार करावा. ती खर्च झाली की महाविद्यालयाच्या दप्तरी विद्यार्थी थकबाकीदार ठरतो.

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यापुढे याशिवाय एक खास अडचण आहे. राष्ट्रीय भारतीय वैद्यक पद्धती आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात साडेचार वर्षांचे तीन व्यावसायिक वर्षांत विभाजन केले असून प्रत्येक व्यावसायिक वर्ष अठरा महिन्यांचे आहे. शिष्यवृत्तीचे वर्ष मात्र बारा महिन्यांचे. नूतनीकरणाच्या अर्जात मागील वर्षाच्या परीक्षेचा निकाल विचारला जातो, तेव्हा आपला विद्यार्थी कित्येकदा व्यावसायिक वर्षाच्या मध्यावर असतो आणि त्याच्यापाशी दाखविण्यास निकालच नसतो. दोन दिनदर्शिकांच्या या विसंगतीत त्याचा काही दोष नाही. परंतु कार्यालयांच्या खेपा त्यालाच घालाव्या लागतात.

एक ऐतिहासिक उदाहरण

अर्थसाहाय्य वेळेवर मिळणे आणि शिक्षण पूर्ण होईतो टिकणे किती आवश्यक आहे, याचे एक उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. १९१३ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाडांनी तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. रक्कम ठरलेली, महिना ठरलेला, मुदत ठरलेली. त्या आधारावर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये जो व्यासंग केला तो सर्वश्रुत आहे. पुढे ते लंडनला गेले. तेथील अध्ययन अर्धवट असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना मायदेशी परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठविलेली पुंजी, राजर्षी शाहूंचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्‌सी. ही पदवी मिळाली.

एवढ्या असामान्य बुद्धीच्या आणि जिद्दीच्या पुरुषाचीही तीन वर्षे शिष्यवृत्तीच्या खंडामुळे गेली. सामान्य विद्यार्थ्याच्या आयुष्यात असा खंड पडला तर तो पुन्हा जोडला जाईलच, याची शाश्वती कोण देणार? पुढे १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी निधीचा आग्रह धरला, त्यामागे हा स्वानुभव असला पाहिजे.

कर्जाचा मार्ग

ज्यांना पूर्ण शुल्कमाफी मिळत नाही, त्यांच्यापुढे शैक्षणिक कर्जाचा पर्याय उरतो. कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाख रुपयांपर्यंत असल्यास केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत दहा लाखांपर्यंतच्या कर्जावरील अभ्यासक्रमाच्या काळातील आणि त्यानंतरच्या एका वर्षातील व्याज शासन भरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत देण्याची तरतूद आहे. मात्र ही दुसरी योजना राष्ट्रीय क्रमवारीच्या आधारे निवडलेल्या संस्थांपुरती आहे आणि २०२४ च्या त्या क्रमवारीत आयुर्वेद महाविद्यालयांसाठी स्वतंत्र वर्ग नव्हता. त्यामुळे महाविद्यालयाचे नाव यादीत असल्याची खात्री करूनच पालकांनी तिच्यावर विसंबावे.

अभ्यासकाळात स्वतःच्या कर्तृत्वावर मिळू शकणाऱ्या एका साहाय्याचाही उल्लेख केला पाहिजे. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२२ मध्ये बी.ए.एम.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्पार्क’ ही योजना सुरू केली. निवडलेल्या विद्यार्थ्याला दोन महिन्यांच्या लघुसंशोधनासाठी ५०,००० रुपये देण्याची तीत तरतूद करण्यात आली. रक्कम उपयोगाची आहेच, शिवाय संशोधनाची गोडी लागते हा लाभ अधिक मोठा.

आपल्या व्यवसायाशी संबंध

विद्यार्थ्याच्या अर्थकारणाचा आपल्या व्यवसायाशी असलेला संबंध पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. नवीन वैद्याने गावात स्वतंत्र चिकित्सालय थाटले तर जम बसण्यास दोन-तीन वर्षे लागतात. नाडी पाहून, पथ्य सांगून, काढा-चूर्णावर रुग्ण बरे करून दाखविल्याशिवाय लोकांचा विश्वास बसत नाही. साडेपाच वर्षांच्या शिक्षणानंतर ज्याच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता उभा आहे, त्याला ही दोन-तीन वर्षे कशी परवडावीत? तो शहरातील एखाद्या रुग्णालयात रात्रपाळीचा निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून नोकरी धरतो. त्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु तेथे त्याला दशमूलारिष्ट लिहावयाचे नसते, की बस्ती द्यावयाची नसते. काही वर्षांत संहितेशी त्याचा संबंध सुटतो.

औषधनिर्माते आणि विक्रेते यांनी याचा व्यावहारिक अंगाने विचार करावा. शास्त्रोक्त औषधांचा खप स्वतंत्रपणे आयुर्वेदोक्त चिकित्सा करणाऱ्या वैद्यांवर उभा आहे. असा वैद्य घडण्याच्या वाटेवर कर्जापायी वळला, तर तालुक्याच्या गावातील दुकानातल्या आसव-अरिष्टांच्या बाटल्यांवर धूळच बसावयाची. वाग्भटाने चिकित्सेच्या चतुष्पादांत रुग्णाच्या गुणांमध्ये आढ्यता, म्हणजे साधनसंपन्नता, मोजली आहे. साधनांवाचून चिकित्सा तडीस जात नाही, हे सत्य त्याने संकोच न करता सांगितले. विद्यार्थ्याच्या बाबतीतही तेच खरे आहे.

आपण काय करू शकतो

शासनाच्या दारी निवेदन देणे हे एक काम. नूतनीकरणाचे वेळापत्रक अठरा महिन्यांच्या व्यावसायिक वर्षाशी जुळवून घ्यावे, आणि वर्षाच्या मध्यावर असलेल्या विद्यार्थ्याकडे निकालाऐवजी महाविद्यालयाचे उपस्थिती-प्रमाणपत्र ग्राह्य धरावे, एवढी माफक व नेमकी मागणी संघटनेने करावी. निर्वाह भत्ता सत्राच्या आरंभी मिळावा, ही दुसरी मागणी. खाजगी महाविद्यालयांतील आंतरवासितेच्या विद्यावेतनात एकवाक्यता यावी, ही तिसरी. नव्या घोषणांची मागणी करण्यापेक्षा आहे त्या योजनेचा काल सुधारून घेणे अधिक फलदायी ठरेल.

परंतु काही गोष्टी शासनावाचूनही करता येतात. प्रत्येक जिल्हा शाखेने एक लहानसा सेतू-निधी उभारावा. ज्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे पण हप्ता आलेला नाही, त्याला तेवढ्या काळापुरते बिनव्याजी पैसे द्यावेत आणि हप्ता जमा होताच ते परत घ्यावेत. दान देण्यास मोठे भांडवल लागते; सेतू-निधीत तेच पैसे दरवर्षी फिरत राहतात. दहा वैद्य आणि पाच औषध दुकानदार एकत्र आले तरी दोन-तीन विद्यार्थ्यांची वसतिगृहाची अडचण भागू शकेल. ज्यांना हेही शक्य नाही, त्यांनी आपल्या चिकित्सालयाच्या प्रतीक्षाकक्षात कागदपत्रांची यादी ठळक अक्षरांत लावावी आणि तिच्याखाली एक ओळ लिहावी : ‘संस्थास्तरावर प्रवेश घेण्यापूर्वी शुल्कमाफीची चौकशी करा.’ उत्पन्नाच्या मर्यादा आणि भत्त्यांचे दर शासन वेळोवेळी बदलते. म्हणून ती यादी दर वर्षी प्रवेशापूर्वी महाडीबीटीच्या संकेतस्थळावरून ताडून घ्यावी.

गुरुगृही राहून शिकणाऱ्या शिष्याच्या निवासाची आणि अन्नाची काळजी गुरुकुल वाहत असे. आज ती जबाबदारी शासनाने स्वीकारली आहे, आणि ती पार पाडताना त्याला विलंब होतो. हा विलंब ज्या घरांना सोसावा लागतो, ती घरे आपल्याच रुग्णांची आहेत. मात्रा शासनाने ठरविली आहे. काल साधून देण्याचे थोडे काम वैद्यांनी आणि औषधविक्रेत्यांनी आपल्याकडे घ्यावे, एवढीच विनंती.